तारणातली भट्टी

मित्रांनो, मी पावाची एक जुनी भट्टी आहे. दोन दिवसांपासून माझ्या पोटात पावाचा तुकडाही नाही, तरी मी तापलेली आहे. रिकाम्या भट्टीत लाकडे कोंबणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मलाही कळते. पण तो का केला, ते ऐका.

माझा सांगाडा लोखंडाचा आणि आतले अस्तर विटांचे. क्रेनने उचलून मला या दुकानात ठेवले, तेव्हा मालक-मालकिणीचे नुकतेच लग्न झाले होते. मला घ्यायला त्यांनी कर्ज काढले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाने माझ्याच पाठीवर कागद पसरले. मालकाची सही झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, इथे तुमचीही एक. नुसती पद्धत असते." मालकिणीने पिठाचा हात पुसला आणि सही केली. कर्ज फिटेपर्यंत मी तारण, म्हणजे हप्ते थकले तर कंपनीने मला उचलून न्यायचे. पण तेव्हा त्याचे कोणाला काय? दोघे माझे दार उघडझाप करून बघण्यात गुंग होते.

पुढची वर्षे कष्टाची गेली, पण चांगली गेली. पहाटे मालकीण माझ्या तोंडाशी हात धरून ताप जोखायची. "आज बाईसाहेबांचं डोकं भलतंच गरम आहे हं," असे म्हणून मालकाला हसवायची. गिऱ्हाइके पावाची तोंडभरून स्तुती करत आणि ती सगळी मालक स्वतःकडे घेत असे. मी मनाला लावून घेतले नाही.

मग एका बड्या हॉटेलवाल्याने वर्षभर उधारीवर पाव नेला आणि शेवटी आमच्या तोंडाला पाने पुसून तो पसार झाला. पीठवाल्याचे पैसे थकले, माझे हप्ते थकले. मालक एक देणे फेडायला दुसरे करू लागला. फोन वाजला की पोत्यांमागे जाऊन बसायचा. मालकिणीने विचारले की म्हणायचा, "काही नाही गं, राँग नंबर." तो वाळत चालला होता आणि मला ते बघवत नव्हते.

अखेर तिला न सांगता त्याने एका वकीलबाईंना दुकानात बोलावले. त्या म्हणाल्या, "दिवाळखोरीचा अर्ज केलात तर पीठवाला, उसनवारी ही तुमची देणी माफ होऊ शकतात. पण तारणातली वस्तू तशी सुटत नाही. आणि कर्जावर दुसऱ्या कोणाची सही असेल, तर तो माणूसही सुटत नाही. तुमच्या मिसेसनी कुठे सही केलीय का?"

"छे छे! तिचा यात काही संबंध नाही," मालक म्हणाला.

मित्रांनो, माझे तोंड केवढे मोठे आहे, पण त्यातून एक शब्द फुटला नाही! तो खोटे बोलला ते तिला वाचवायलाच. आपण नाव घेतले नाही म्हणजे ती सुखरूप, असे त्या भाबड्याला वाटले.

कोर्टात त्याच्या दिवाळखोरीच्या अर्जाचा निकाल लागला, त्या दिवशी तो धावत आला. "सुटलो गं! सगळं संपलं!" तेव्हा कुठे त्याने तिला सगळे सांगितले. ती चिडली, रडली आणि शेवटी हसलीसुद्धा.

त्याच आठवड्यात कंपनीचा वसुलीवाला दारात उभा राहिला. "साहेब, तुमच्याकडे काही मागायचं नाही. सही वहिनींची आहे. भट्टी नेतो, विकून येतील ते पैसे वजा करू. उरलेले वहिनींनी भरायचे."

मालकिणीच्या पायाखालची जमीन सरकली. ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सुटलात. आणि मी? भट्टीच गेली तर मी फेडू कशानं?"

त्याने धावत जाऊन वकीलबाईंना बोलावून आणले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तेव्हाच बोलला असतात तर दोघांचा मिळून मार्ग काढला असता! आता कोर्टाकडे स्थगिती मागते. मिळेलच असं नाही. तोवर भट्टी हलू देऊ नका."

तापलेली भट्टी उचलता येत नाही. क्रेनचे पट्टे जळतात, विटा ढासळतात. म्हणून मालकिणीने मला पेटवले. पीठ घ्यायला पैसे नव्हते, म्हणून रिकामीच पेटवले. वसुलीवाला बाहेर स्टुलावर बसला आहे. मधूनमधून आत येतो, माझ्या अंगाला हात लावतो आणि चटका बसला की झटकन मागे घेतो. "वहिनी, मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो," असे पुटपुटत परत जातो.

आज सकाळी लाकडे संपली. मालकाने मांडणीच्या फळ्या तोडून घातल्या. मग पीठ मळायचे टेबल घातले. पाव बाहेर काढायचे लांब दांड्याचे फावडेही घातले. वकीलबाईंचा फोन काही येईना. तो खुर्ची तोडू लागला, तेव्हा मालकिणीने त्याचा हात धरला.

"पुरे. बसा इथे. कोणाचं किती देणं होतं, पहिल्यापासून सांगा."

दोघे माझ्या पायथ्याशी बसले. तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. दुपार कलली तरी त्याचे संपेना.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुला झळ लागू नये म्हणून."

मला रडू आले.

मित्रांनो, मी निवत चालले आहे, म्हणून घाईने सांगते. भट्टीची राख वेळच्या वेळी काढा. कोणी "नुसती पद्धत आहे" म्हणाले, तर आधी कागद वाचा, मग सही करा. आणि आपल्या माणसाला वाचवायचे असेल, तर त्याच्यापासून काही लपवू नका. हे दोघे आज जसे बोलले, तसे वर्षभरापूर्वी बोलायला हवे होते.

वसुलीवाला पुन्हा आत आला आहे. त्याने माझ्या अंगावर हात ठेवला. या वेळी त्याने तो मागे घेतला नाही.