माझ्या वजनाची हवा

आमच्या घरात जी जी गाडी आली, ती सगळ्यांसाठी म्हणून आली आणि मग एकाचीच झाली. स्कूटर माझ्या नोकरीसाठी घेतली होती. ती आता आमचे हे, म्हणजे प्रितम, चालवतात आणि मी सांगवीत कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते. नवी गाडी आधी देहूरोडच्या बुद्धविहारात न्यायची, ही आमच्या घरची रीत. जाताना ते चालवणार आणि मी मागे हार नि मेणबत्त्या मांडीवर धरून बसणार, हीसुद्धा रीतच.

म्हणून सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधीच जाहीर केलं, ही माझी. आमच्या भागातल्या बायकांचा एक गट रविवारी डोंगरवाटांनी सायकली घेऊन जातो. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. बेचाळिसाव्या वर्षी मला एक तरी वस्तू निव्वळ माझी हवी होती, आणि त्यासाठी कुणाला कारणं देत बसायची माझी तयारी नव्हती.

मग सुरू झाला घोळ. हार्डटेल घ्यायची की फुल सस्पेन्शन? हार्डटेलला शॉकअप फक्त पुढे, आणि फुल सस्पेन्शनला मागेही. फरक एवढाच, पण त्याने माझी झोप उडवली.

"हार्डटेल घे," प्रितम म्हणाले. "हलकी असते, मेन्टेनन्सची कटकट नाही. आणि जरा मोठ्या मापाची घे, म्हणजे मलाही चालेल."

माझं डोकं तिथेच तापलं. लेक मैत्री म्हणाली, "आई, फुल सस्पेन्शनच घे, तुझी कंबर बघ." आणि त्याच दमात, "मीपण नेईन ना कधी कधी कॉलेजला." सासऱ्यांनी पेपरातून मान वर केली. "शॉकअप कशापायी? आमी साध्या सायकलवर पिंपरीला कामाला जायचो. काय झालं न्हाई आमाला." काय झालं ते मला माहीत आहे. त्यांच्या पाठीला रोज तेल मीच चोळते.

गटातल्या बायकांचंही एकमत नाही. एक म्हणे, फुल सस्पेन्शन चढावर ओढवत नाही, अर्धी ताकद मागचा शॉकअपच खातो. दुसरी म्हणे, हार्डटेलने उतारावर दात खिळखिळे होतात. मोबाइलवर व्हिडिओ बघावेत, तर सकाळचा माणूस एक सांगतो आणि संध्याकाळचा त्याच्या बरोब्बर उलट. ऐकावं जनाचं करावं मनाचं, हे मलाही ठाऊक आहे हो. पण मनालाच काही कळत नसेल तर?

यातली खरी लाज पुढेच आहे. मी चाकणला शॉकअपच्याच कंपनीत आहे, टेस्टिंगला. दिवसभर मोटारसायकलींचे शॉकअप दाबून, हलवून बघते आणि पास-नापास करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शेवटी माझ्याच लाइनवरची सुरय्या म्हणाली, "माझ्या भावाचं दुकान आहे ना कासारवाडीला. दोन्ही चालवून बघ आणि एकदाचं मिटव." रविवारी सकाळी तिचा भाऊ नदीम याने दोन्ही सायकली दुकानाबाहेर काढल्या. सोबत सुरय्याही आली, मला धीर द्यायला.

"ताई, मागच्या शॉकअपात हवा असते," नदीम हातात छोटा पंप घेऊन म्हणाला. "बसणाऱ्याप्रमाणे भरावी लागते. मी भरून देऊ?"

"आण इकडे. रोजचंच काम आहे माझं."

"ते पण खरंच. तुम्हाला काय शिकवायचं!" त्याने पंप माझ्या हातात दिला. मी झटपट हवा भरली आणि आम्ही पवनेच्या काठी खडीच्या वाटेवर गेलो.

आधी हार्डटेल चालवली. चांगलीच हादरले. मग फुल सस्पेन्शन चालवली, आणि ती तितकीच हादरवत होती. प्रत्येक दगड माझ्या कमरेपर्यंत येऊन पोचत होता. मग त्या मागच्या शॉकअपचा उपयोग काय, शोभेचा?

"उतर, मी बघते," सुरय्या म्हणाली. ती त्याच सायकलवर त्याच वाटेने गेली आणि हसत परत आली. "अगं, गादी आहे नुसती!"

मी परत बसले आणि परत तेच दणके खाल्ले. ती परत बसली आणि परत म्हणाली, गादी. आता मात्र माझा तोल गेला.

"भावाचा माल खपवायचा म्हणून इतकं खोटं बोलायचं का गं?"

सुरय्याचं तोंड एवढंसं झालं. "इतकी वर्षं एका डब्यात जेवतो आपण, मिनल," ती म्हणाली. "नको घेऊस सायकल. पण मला खोटारडी म्हणू नकोस." सायकल परत न्यायची म्हणून ती सीटवर बसली, आणि ती बसताच मागचा शॉकअप अलगद खाली गेला. माझ्याखाली तो हललासुद्धा नव्हता.

मी धावत जाऊन तिला थांबवलं. शॉकअपवर वजनाप्रमाणे किती हवा भरायची त्याची पट्टी चिकटवलेली होती. मी त्या पट्टीवरची पंच्याहत्तर किलोची ओळ वाचून हवा भरली होती. आमच्या टेस्टिंगमध्ये गाडीवर बसणारा माणूस पंच्याहत्तर किलोचाच धरतात, म्हणून माझा हात आपोआप तिथे गेला. मी बावन्न किलोची आहे. बसणार होते मी, आणि हवा भरली होती त्या कधीही न भेटलेल्या माणसासाठी. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं माझं, सुरय्या," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी पंच्याहत्तर किलोची आहे, असं म्हणतेस?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी त्या खडीत उभ्या राहून पोट दुखेपर्यंत हसलो.

मी हवा कमी केली, माझ्या ओळीवर आणली आणि पुन्हा बसले. दगड तेच होते, पण कंबर शांत राहिली. चढावर ती जड जाते, हेही तितकंच खरं. कुठली चांगली ते मला आजही सांगता येणार नाही. पण हार्डटेल कुणीही उचलावी आणि चालवावी अशी होती, आणि हिला बसणाऱ्याचं वजन विचारावं लागत होतं. मी हीच घेतली.

घरी आणल्या आणल्या प्रितम तिच्यावर बसले आणि सायकल मागून खाली गेली.

"अगं, ही तर बसतेय! थोडी हवा भर, म्हणजे सगळ्यांना चालेल."

"नाही भरणार."

"दोन मिनिटांचं काम आहे, मिनल."

"माहीत आहे मला. ती माझ्या वजनाची हवा आहे. तिला कुणी हात लावायचा नाही."

मैत्रीने मोबाइल खाली ठेवला. सासऱ्यांचा पेपर तसाच हातात राहिला. प्रितमनी माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे, आणि खाली उतरले.

पुढच्या रविवारी मी सायकल देहूरोडला नेली. प्रितम मागून स्कूटरवर येत होते. दर खड्ड्याला त्यांचा आवाज यायचा, "सावकाश गं!" हार आणि मेणबत्त्या त्यांच्याकडे होत्या.