पाच बाईंची, पाच काकांची

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं घड्याळ आहे. शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या नळांच्या वर टांगलेलं. कारखान्यात माझी जुळणी करणाऱ्या बाईंनी खोक्यात ठेवण्याआधी मला कानाशी धरलं होतं. "गुणाचं आहे हो!" म्हणाल्या. त्या एका वाक्याच्या शिदोरीवर मी तीस वर्षं काढली. नंतर कौतुक आटलं आणि काचेवर धूळ साठली.

यंदा आठवीच्या बाईंनी नवाच नेम केला. आठवीची मोठी सुट्टी सगळ्यांत शेवटी असते. ती संपल्यावर घंटा वाजणार नाही.

"घड्याळ बघून आपलं आपण यायचं. दीड म्हणजे दीड," बाई म्हणाल्या. "महिनाभर जमलं, तर खेळाच्या खोलीची किल्ली तुमच्या ताब्यात."

किल्ली! वर्ग जिवाचं रान करायला तयार झाला. वेळेवर नजर ठेवायचं काम वर्गप्रमुख मुलीकडे आलं. ती सगळ्यांना हात धुवायला लावायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं आजीबाई.

पहिल्याच दिवशी शिपाईकाकांनी, पोरांच्या भल्यासाठी, मला गुपचूप पाच मिनिटं पुढे केलं. पुढच्या आठवड्यात बाईही स्टुलावर चढल्या. पाच मिनिटं आणखी. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. नळावर पाणी पिणाऱ्या पोरांना मात्र दोन्ही ठाऊक!

"आजीबाई, चल, दीड वाजला!"

"याचा दीड म्हणजे एक वीस. टाक चेंडू!"

अशी वजाबाकी करून वर्ग रोज अगदी वेळेवर पोचत होता. मला मात्र खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी घड्याळजी आले. त्यांनी मला पुसलं, तेल दिलं आणि जाताना काटे बरोबर लावले. सुट्टीत पोरांनी नेहमीप्रमाणे दहा मिनिटं वजा केली आणि वर्ग एक चाळीसला दारात.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते घड्याळच..." मागून कुणीतरी सुरुवात केली.

आजीबाईने त्याला गप्प केलं. किल्ली समोर टेबलावरच होती. तिने एकदा किल्लीकडे पाहिलं.

"घड्याळ बरोबर आहे, बाई. आजच बरोबर झालंय. आम्ही रोज दहा मिनिटं वजा करत होतो."

"दहा कशी? मी तर पाचच..." बाईंनी जीभ चावली.

दारामागून खोकला आला. "उरलेली पाच माझी, बाई," शिपाईकाका म्हणाले.

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

"उशीर तो उशीर. किल्ली नाही. उद्यापासून नवा महिना," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "तुमच्यावर सोपवलं म्हणाले, आणि मीच काटे ढकलले. आता दीडला मीही दारात. मला उशीर झाला, तर माझं नाव फळ्यावर लिहा."

त्या महिन्यात फळ्यावर नाव लागलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळा बाईंचं.

किल्ली आता आठवीच्या खिळ्याला असते. दर शनिवारी आजीबाई स्टुलावर चढून मला चावी देते, काच पुसते. मित्रांनो, एवढी काळजी घ्या, मी आणखी तीस वर्षं चालेन. फक्त कुणाच्या भल्यासाठीसुद्धा माझे काटे ढकलू नका. खरी वेळ दाखवली तरी पोरं येतात. मी रोज इथून बघतो.