आदोळीचे पान

माझी चोवीस पाने होती, आता तेवीस आहेत. मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे. डिचोलीतल्या एका खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर, भरलेल्या तक्त्यांच्या गठ्ठ्याखाली मी पडून असते. माझी वरची कडी तुटली आहे आणि तिच्या जागी सुतळी बांधली आहे. ती कडी कशी तुटली आणि एक पान कुठे गेले, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका चुकीच्या दुरुस्तीसाठी झाला. म्हातारपणी माणसाची स्मरणशक्ती किती आणि कशी कमी होते, याचा अभ्यास करणारे काही लोक पेडणे आणि डिचोलीच्या गावांतून घरोघर जात होते. त्यांच्याकडे बाहेरून आलेली एक वही होती. तिच्यातली वाद्ये, फुले आणि प्राणी आमच्याकडच्या आजी-आजोबांनी कधी पाहिलेच नव्हते. जे पाहिले नाही ते सांगता आले नाही, तर त्याला विसरणे म्हणत नाहीत. ही गोष्ट त्यांच्यातल्या विनिता नावाच्या मुलीच्या लक्षात आली. ती विज्ञान शिकलेली होती, कमी बोलायची आणि पेन्सिलीला नेहमी टोक काढून ठेवायची. तिने प्रशांत नावाच्या चित्रकलेच्या शिक्षकांकडून चोवीस नवी चित्रे काढून घेतली. केळ्यांचा घड, होडी, कोंबडा, समई, फणस, नारळ खोवायची आदोळी. काही चित्रे मुद्दाम अवघड ठेवली, म्हणून शाळेच्या पुस्तकातला उंटही माझ्यात आला. पानांना प्लास्टिकचे आवरण चढले आणि दोन पितळी कड्यांनी मला एकत्र बांधले गेले. माझ्या पानांवर आकडे नव्हते. उत्तरांची नावे विनिताच्या तक्त्यात असायची.

माझे काम सोपे होते. विनिता एकेक पान उलटायची आणि समोरचे माणूस चित्राचे नाव सांगायचे. बरोबर नावाला एक गुण. दर वर्षी त्याच माणसाला पुन्हा भेटायचे. गुण खूप कमी झाले, तर त्या माणसाचे रक्त तपासायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. विसरण्याची काही कारणे अशी असतात की वेळेवर सापडली तर उपाय होतो. उशीर झाला तर होत नाही. मी त्यासाठीच होते, मित्रांनो. उशीर होऊ नये म्हणून.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. चित्रे बघून म्हातारी माणसे हसायची. हरमलच्या एका आजोबांनी होडीचे चित्र बघून प्रशांतसरांची चूक काढली, वल्हे उलटे धरले आहे म्हणून. मी स्कूटरच्या डिकीतून गावोगाव फिरले. आणि डिसेंबरातल्या एका सकाळी, शिवोलीचा पूल ओलांडून, चोपड्याला सदाशिव मास्तरांच्या घरी पोहोचले.

सदाशिव मास्तरांनी पेडण्याच्या मराठी शाळांतून चौतीस वर्षे शिकवले होते. निवृत्त होऊनही त्यांच्या खिशाला लाल शाईचे पेन असायचे. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई मात्र शाळेत गेल्या नव्हत्या. पण चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायच्या रानफळांची नावे साऱ्या वाड्याने त्यांच्याकडून शिकून घ्यावीत, अशी त्यांची ख्याती होती. कवंडळ, घागऱ्या, कांगलां, आंबाडे, तोरिंजन. फळ हातात घेतले की नाव तोंडात असायचे.

"बस गे बाय," त्या विनिताला म्हणाल्या. "पावाचे उंडे ताजे आसत. च्या घे आदी."

मग त्या माझी पाने बघू लागल्या. उंटापाशी हसल्या. "हो उंट. मास्तरांच्या पुस्तकात बघितलंय. खरो कधी बघूक गावलो नाय." पण चाळणीपाशी त्या थांबल्या. मोराच्या पानावरही थांबल्या. "माझ्या तोंडार आसा," म्हणाल्या आणि डोळे मिटले. ते नाव आलेच नाही.

विनिताने तक्त्यावर एकोणीस लिहिले. मेजाच्या पलीकडून मास्तरांनी तो आकडा उलटा वाचला. चौतीस वर्षांची सवय होती ती.

"पाच गेले," ते हळूच म्हणाले. "पास तरी जाली मां गे?"

"मास्तर, ह्यात पास-नापास काय नसता," विनिता म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटले नाही हे मला दिसले. ज्या कागदावर गुण असतात तो कागद परीक्षेचाच, एवढे त्यांना ठाऊक होते. शिवाय शेजारची यशोदा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती विसरू लागली तेव्हा वाड्यावर सगळे म्हणाले, तिला पिसे लागले. मग तिचा मुलगा सगुण कामाला जाताना बाहेरून कडी घालू लागला.

त्या दिवशी निघण्याच्या घाईत विनिता मला सोप्यावर विसरली. विसरण्याचा अभ्यास करणारी माणसेही विसरतात. संध्याकाळी तिचा फोन आला. "आसा, आसा. सुरक्षित आसा," मास्तर म्हणाले. "सावकाश ये."

ती आठ दिवसांनी आली. ते आठ दिवस मी कधीच विसरणार नाही.

रोज दुपारी जेवणानंतर मास्तर मला सोप्यावर उघडायचे. त्यांनी एका वहीत माझी चोवीस नावे क्रमाने उतरवून घेतली होती. माडाच्या झावळीची काडी हातात धरून ते चित्रावर टेकवायचे.

"एक?"

"केळ्यांचो घड."

"दोन?"

"होडी."

"तीन?"

"कोंबो. माझ्या बापायन माका शाळेत घातलां नाय, आणि आता तुमी घालतास? छडी खंय आसा तुमची?"

"छडी नको. चार?"

त्या चित्राकडे नुसत्या बघत राहायच्या.

"समई गो! रोज लावतंस ती."

सून मनीषा भांडी घासता घासता हसायची. "आईंचो पयलो नंबर येतलो औंदा!"

आठव्या दिवशी सुलोचनाबाईंनी चोवीसच्या चोवीस नावे सांगितली. मास्तर खूश झाले. मग विचारात पडले. "सगळां बरोबर इलां तर परीक्षकाक संशय येता," ते म्हणाले. "नववां आणि सतरावां चुकव."

"येता तां चुकवूचां? कसले मास्तर तुमी!"

दोघेही खूप हसले. मित्रांनो, त्या हसण्यात वाईट काही नव्हते. तो माणूस आपल्या बायकोवर प्रेम करत होता, आणि प्रेम करण्याची त्याला येणारी रीत म्हणजे पाठांतर करून घेणे. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण चित्रवहीला तोंड नसते. तिच्यात फक्त चित्रे असतात, नाव दुसऱ्याच्या तोंडून यावे लागते.

मी परत गेल्यावरही मास्तर आपल्या वहीतल्या यादीवरून पाठांतर घेत राहिले. दुसऱ्या वर्षी सुलोचनाबाईंना बावीस गुण मिळाले. एकदा पाहिलेली चित्रे पुढच्या वेळी सोपी जातात, असे विनिताच्या पुस्तकांत लिहिलेले होते. म्हणून दर वर्षी वेगळी वही हवी होती, पण दुसरी वही अजून छापून आली नव्हती. तिसऱ्या वर्षी पुन्हा बावीस. चुकलेली पानेही तीच, नववे आणि सतरावे. विनिताची पेन्सिल त्या दोन रकान्यांवर क्षणभर थांबली, हे मला आठवते. पण ऊन चढले होते आणि त्या दिवशी आणखी तीन घरे बाकी होती. तिने तक्ता मिटला. गुण कमी झाले नव्हते, म्हणून रक्त तपासले गेले नाही.

त्या तीन वर्षांत त्या घरात काय घडत होते, ते मला नंतर कळले. सुलोचनाबाई भाताला दोनदा मीठ घालू लागल्या होत्या. पायांना मुंग्या येतात म्हणायच्या आणि भिंतीला धरून चालायच्या. एकदा चोपड्याच्या धक्क्यावर जाऊन बसल्या आणि घर कुठल्या बाजूला हेच त्यांना सांगता येईना. आणि एका चवथीला, माटोळी बांधताना, मनीषाने त्यांच्या हातात केशरी कवंडळ दिले तेव्हा त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिले आणि विचारले, "ह्यां काय गो?" मनीषाने मास्तरांकडे पाहिले. मास्तर शिडीवर होते. ते सुतळीची गाठ मारत राहिले. त्या दिवसापासून ते दुपारी एकदाऐवजी दोनदा पाठांतर घेऊ लागले.

चौथ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा नदीकडून जोराचा वारा येत होता. विनिताने मला पिशवीतून ओढले, माझी झिजलेली वरची कडी तुटली, खालची उघडली आणि माझी सगळी पाने सोप्याभर उडाली. एक तुळशीपाशी, एक केळीच्या मुळाशी. मनीषाने धावत जाऊन ती गोळा केली, पदराने पुसली आणि जशी हाती आली तशी रचून दिली. विनिताने वरून सुतळी बांधली. क्रम बदलला तर काय बिघडते, असे तिला वाटले. नावे तक्त्यात होतीच.

मास्तर मात्र घाईने पुढे झाले. "आज नको," ते म्हणाले. "तिका जरा बरां नाय."

"माका काय जालां?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "येता माका सगळां."

विनिताने पहिले पान उलटले. त्यावर आता फणस होता.

"केळ्यांचो घड," सुलोचनाबाई म्हणाल्या.

विनिता थांबली. मग तिने दुसरे पान उलटले. आदोळी.

"होडी."

तिसरे पान, उंट.

"कोंबो."

त्यांचा आवाज स्वच्छ होता. शाळेत पहिल्यांदा कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता. त्या चित्रांकडे बघत होत्या, पण चित्रे त्यांना दिसत नव्हती. माझ्या चित्रांवर बोट ठेवून त्या पाठ केलेल्या यादीतली नावे म्हणत होत्या.

"सुलू," मास्तर म्हणाले. "बघ गो. चित्र बघ."

"बघतंय मां." चौथे, पाचवे, सहावे. मग नववे पान आले. त्यावर समई होती. सुलोचनाबाई थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे वळून पाहिले आणि शाबासकीच्या आशेने विचारले, "नववां चुकवूचां आसा मां?"

मनीषा आत निघून गेली. विनिताने पेन्सिल खाली ठेवली.

मग मास्तरांनी सगळे सांगितले. पाठांतर, मीठ, धक्का, कवंडळ. सांगताना ते उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"मास्तर, ही परीक्षा नव्हती," विनिता म्हणाली.

"मग गुण कशाक देत होतात?"

विनिताने गुणांचा तक्ता उलटा करून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी रक्ताची तपासणी झाली. सुलोचनाबाई कित्येक वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत होत्या. अशा गोळ्यांनी काही जणांच्या शरीरातले एक जीवनसत्त्व कमी होत जाते, आणि ते फार कमी झाले की पाय आणि स्मृती दोन्ही दुबळी होतात. त्यांच्या रक्तात ते फारच थोडे उरले होते. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. पायांच्या मुंग्या कमी झाल्या. भिंत न धरता त्या चालू लागल्या. पण नावे परत आली नाहीत. तीन वर्षांपूर्वी इंजेक्शने सुरू झाली असती तर आली असती का? हा प्रश्न मास्तरांनी डॉक्टरांना विचारला. "कदाचित," डॉक्टर म्हणाले. "नक्की नाही सांगता येत." तो 'कदाचित' मास्तरांनी जपून घरी नेला. मला वाटते, 'नाही' म्हटले असते तर ते त्यांना अधिक सोसले असते.

विनिताने आपल्या अहवालातून ते घर वगळले. 'एका घरातील माहिती ग्राह्य धरलेली नाही,' एवढीच एक ओळ त्याबद्दल त्यात आहे. मग तिने दोन नियम केले. वही कुठल्याही घरी राहता कामा नये, आणि नव्या वह्यांची पाने दर वेळी पिसायची. पुढे नव्या वह्या छापून आल्या आणि माझे काम संपले.

पण त्याआधी ती मला घेऊन एकदा चोपड्याला गेली. त्या दिवशी तिच्याकडे तक्ता नव्हता, पेन्सिलही नव्हती. ती सुलोचनाबाईंजवळ बसली आणि नुसती पाने उलटत राहिली. त्या काही बोलल्या नाहीत. पाठ केलेली नावेही आता गळून पडली होती. मग आदोळीचे पान आले. सुलोचनाबाईंनी त्यावर बोट फिरवले, पात्याच्या दात्यांवरून अगदी हलकेच, कापेल म्हणून. मग उठल्या आणि आत गेल्या. आतून नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर खोवण्याचा खसखस आवाज, एकसारखा, न थांबता.

मास्तर ऐकत राहिले. "ह्याका किती गुण?" त्यांनी विचारले.

विनिताने कडीची सुतळी सोडली, ते पान काढले आणि त्यांच्या हातात दिले.

यंदा विनिताला मनीषाचा फोन आला होता. आईंचा हात आता थरथरतो, म्हणून आदोळी माळ्यावर ठेवली आहे. पान भिंतीवर लावलेले आहे. आई कधी त्याच्यासमोर उभ्या राहतात, कधी राहत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला धूळ लागली तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी नाव विसरू लागले, तर ते त्यांच्या कानात सांगून झाकू नका. त्यांना हसू नका, त्यांच्यावर कडी घालू नका आणि त्यांची शाळाही घेऊ नका. जे आले नाही ते आले नाही म्हणून सांगा, आणि लवकर सांगा. आणि जमले तर आजच आजीजवळ बसून तिला माटोळीतल्या रानफळांची नावे विचारा. ती अजून तिच्या तोंडात असतील.

कोणी मला उघडले, तर फणसानंतर एकदम उंट येतो. मधली जागा रिकामी आहे. तिथे काय होते, ते मला अजून आठवते.