विहाराची टाकी

“अवो, झाकण लावा आदी. वरच्या आळीची विमलबाई येतेय, हंडा घेऊन,” गंगाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

टाकीत डोकावणाऱ्या कोंडीरामने मान वर केली. पण झाकण काही लावलं नाही.

साजगावच्या कारखान्यात तीस वर्षं पाइप जोडून निवृत्त झालेला हा माणूस. हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्याने पळसदरीजवळच्या आपल्या वस्तीतल्या विहाराच्या पत्र्याला पन्हळी लावल्या, खाली वाळू-कोळशाची गाळणी केली आणि वस्तीला हाताशी धरून सिमेंटची टाकी बांधली. “कोंडीराम आभाळाला नळ बसवतोय,” म्हणून लोक हसले. पावसाळ्यात भरलेली टाकी तो एप्रिलपर्यंत कुलपात ठेवी. मग बावीस घरांना रोज दोन-दोन हंडे. जूनपर्यंत जेमतेम पुरत.

यंदा मे महिन्यात वरच्या आळीची विहीर आटली. टँकर तीन दिवस फिरकला नव्हता.

विमलबाई चार पावलं लांबच थांबली. “दादा, सून बाळंत झालीय. घरात घोटभर पानी नाय. एक हंडा वाढा.”

कोंडीरामला त्याची आई आठवली. त्याच विहिरीवर ती सकाळपासून तिष्ठत असायची. काठाला हात लावायचा नाही. विमलबाईच्या सासूला दया आली, तर वरून धार सोडायची.

“मी वाढनार नाय,” तो म्हणाला.

विमलबाईचा चेहरा उतरला. ती माघारी वळली.

“अवो, थांबा की. नळ हाय तिथं. तुमच्या हातानं भरा. हितं कुनी कुनाला वाढायचं नाय.”

विमलबाई परत फिरली. मग पुढे झाली आणि तिने नळ सोडला.

ती गेल्यावर गंगाबाई म्हणाली, “आता सगळी आळी येईल. आनि सासूबाईंना त्यांनी कसं वागवलं, इसरलात काय?”

“नाय इसरलो. म्हनून तर भरू दिलं गं.”

संध्याकाळी वस्ती विहारात जमली. आवाज चढले. “टाकी आपली, पानी आपलं,” रोहिदास तावातावाने म्हणाला. तेव्हा कोपऱ्यातून गंगाबाईच उठली. “बाळंतिणीला नाय म्हनायचं आनि आपन आंगोळी करायच्या? एकेक हंडा कमी घेऊ.”

रोहिदास खाली बसला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकीने तळ गाठला. आभाळ भरून यायच्या आत ती धुवायची म्हणून कोंडीराम खराटा घेऊन आत उतरला. गाळाच्या बादल्या वर घ्यायला गंगाबाई होतीच. विमलबाईही न बोलावता आली आणि पदर खोचून उभी राहिली.

काम उरकून तो शिडी चढू लागला, तर शेवटच्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला.

“दादा, हात द्या.”

कोंडीरामने आपला चिखलाचा हात पाहिला आणि पँटीला पुसायला लागला. तोवर विमलबाईने वाकून तो घट्ट धरलाही होता.

“लय जड हाय तुमी,” ती म्हणाली, आणि तिने त्याला वर ओढून घेतलं.