हरपळे सरांची फायनल

सत्कार कमिटीतल्या संपतआप्पांनी नव्या शालीची घडी मोडली आणि ती आधी बिरदेवच्याच खांद्यावर टाकून पाहिली. दोन पावलं मागं सरकून त्यांनी मान कलती केली.

"सरांना बराबर बसंल. तुझ्याच अंगलटीचे हायेत ते."

"घडी मोडली की हो आप्पा."

"मोडू दी. तूच घालायचीयास त्यांना. कमिटीत ठरलंय तसं. दुसऱ्या कुणाचं नावच न्हाई निघालं."

बिरदेव हसला. शाल काढून तो पुन्हा घडी घालू लागला, पण पहिली रेघ काही सापडेना. दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या दारात टेम्पोतून खुर्च्या उतरत होत्या. आत कुणीतरी माइकवर हॅलो, हॅलो करत होतं. कॉलेज सुटल्यानंतर तो दौंडला आला तो आजच. मधली सगळी वर्षं शिरूरला गेली. रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर, केबिनमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपण्यात. उजवा गुडघा धड वाकत नव्हता, म्हणून साहेबांनी त्याला बसायचं काम दिलं होतं.

सकाळी निघताना पूनमनं, त्याच्या बायकोनं, पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून दिली होती. "जायलाच पायजे का?" एवढंच तिनं विचारलं.

"हरपळे सरांचा सत्कार हाय, पूनम," तो म्हणाला होता. त्याच्या दृष्टीनं तेवढ्यात सगळं आलं.

हरपळे सरांनी दौंडच्या कॉलेजात फुटबॉलची टीम उभी केली, तेव्हा गावात फुटबॉल म्हणजे रेल्वे कॉलनीतल्या पोरांचा खेळ होता. सरांनी खेड्यापाड्यांतली पोरं हुडकून आणली. बिरदेव गडदे त्यातलाच. कासुर्डीचा, मेंढरांमागं पळून पाय तयार झालेला. सरांनी त्याला पहिला बूट घेऊन दिला, लेफ्ट विंगला उभं केलं, आणि त्र्याण्णव साली पुण्याच्या कॅम्पातल्या कॉलेजला हरवून दौंडनं जिल्ह्याचा कप आणला तो बिरदेवच्या गोलावर. गोल मारून तो पडला तो पडलाच. गुडघा गेला. पुण्याला ऑपरेशन झालं, त्याचा उपयोग झाला नाही. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात त्याचं नाव लागलेलं होतं, ते मेडिकलला गळालं. दैव, दुसरं काय. गोलपोस्टजवळ खड्डा होता आणि त्यात पाय गेला, असं तो विचारणाऱ्याला सांगत आला होता. खड्डा होता की नाही हे त्याला स्वतःलाही आता नीट आठवत नव्हतं.

टपरीवर चहा घेताना रिटायर झालेले गार्ड बबनराव भेटले. जुने शौकीन. एकही मॅच न चुकवणारे.

"सत्कार करा, करा," बबनराव बशीत चहा ओतत म्हणाले. "पर मी काय टाळ्या वाजवायचो न्हाई. कप आला आन् वर्सात तुमचे सर पुण्याला बढतीवर. टीम मोडली ती मोडलीच. ह्या पोरांचं काय झालं, इचारलं का कुणी?"

"असं नका म्हणू बबनमामा," बिरदेव म्हणाला. "माणसानं पुढं जाऊ नये का? माझंच बघा. सर नसते तर मी मेंढरांमागंच ऱ्हायलो असतो. पायाचं काय, ते कुणाच्या हातात असतंय?"

बबनरावांनी बशी खाली ठेवली. "तुझ्या पायाचं म्हंजी... आरं, तुला..."

"च्या निवला बबनराव," संपतआप्पा मध्येच म्हणाले. "घ्या, दुसरा सांगतो." आणि त्यांनी टपरीवाल्याला मोठ्यानं हाक मारली.

बबनरावांनी एकदा आप्पांकडं पाहिलं, एकदा बिरदेवकडं. मग दुसरा चहा न घेताच ते उठले.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. सर पिकले होते, पण अजून तसेच ताठ. बिरदेवचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. तो स्टेजच्या पायऱ्या एक-एक करून चढला. प्रत्येक पायरीला आधी डावा पाय, मग उजवा ओढून. लोक तोवर टाळ्या वाजवत राहिले. त्यानं सरांच्या खांद्यावर शाल घातली आणि पाया पडायला वाकला. गुडघा वाकेना, तेव्हा सरांनीच त्याला वरच्या वर धरलं आणि छातीशी घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली येऊन तो पहिल्या रांगेत संपतआप्पांशेजारी बसला. चष्मा पुसायला आप्पांनी त्याला आपला रुमाल दिला.

मग सर उत्तराला उभे राहिले. दौंडच्या लोकांचे आभार मानले, जुन्या प्राचार्यांची आठवण काढली. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, दवाखान्याचं सांगा!"

हॉल हसला. सरही हसले.

"ते तुम्ही किती वेळा ऐकलंय."

"पुन्हा सांगा!"

आवडतं गाणं मागावं तशी मागणी होती ती. बिरदेव कौतुकानं मागं वळून बघत होता. दवाखान्याची गोष्ट कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "फायनलचा आदला दिवस. प्रॅक्टिसमध्ये हा आपला बिरू पडला. गुडघा एवढा सुजला. दवाखान्यात नेला. डॉक्टर तपासून बाहेर आले, मला बाजूला घेतलं. म्हणाले, सर, आतलं लिगामेंट फाटतंय. उद्या हा मुलगा मैदानात उतरला तर जन्माचा पाय जाईल. मी म्हणालो..."

सर थांबले. हात त्यांनी हॉलकडं केला. आणि हॉल एका आवाजात म्हणाला, "पायाचं परवा बघू, उद्या फायनल आहे!"

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. खुर्च्या वाजल्या.

"सुई मारायला लावली," सर हसत पुढं म्हणाले. "आत गेलो. हा टेबलावर पडलेला, माझ्याकडं बघतोय. ह्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, मुरगळलाय रे नुसता. आणि दुसऱ्या दिवशी ह्या पठ्ठ्यानं जो गोल मारला! अरे, ह्याला म्हणतात खेळाडू!"

टाळ्यांनी पत्रा दणाणला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी पुढं वाकून बिरदेवच्या पाठीवर थाप मारली. "वाघ!"

बिरदेवला तो हात आठवला. डोक्यावरचा. त्या हाताचं वजन त्याला आजही सांगता आलं असतं. ऑपरेशननंतर पडून होता तेव्हा, मेडिकलला नापास होऊन गावाजवळच्या यवतच्या स्टेशनावर उतरला तेव्हा, त्या हाताच्या आठवणीवर तो उठून उभा राहिला होता. त्यानं मागं पाहिलं. ओळखीचे चेहरे होते, बरेच अनोळखी होते. हसणारे, टाळ्या पिटणारे, एकमेकांना टाळी देणारे. त्यात एकही चेहरा चकित झालेला नव्हता.

त्यानं शेजारी पाहिलं. संपतआप्पाही टाळ्या वाजवत होते. बिरदेवचा चेहरा दिसला तसे त्यांचे हात हळू झाले, आणि मग मांडीवर येऊन पडले.

कार्यक्रम संपल्यावर सरांभोवती गर्दी झाली. बिरदेव वाट काढत जवळ गेला. सरांनी त्याच्या गळ्यात हात टाकला.

"सर," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं."

सर मोठ्यानं हसले. "अरे, माहीत नसतं तर गोष्ट कसली? तुला सांगितलं असतं तर तू उतरला असतास का?"

बिरदेवनं विचार केला. खरंच केला. वीस वर्षांचा तो पोरगा, घाई झालेला, बूट उशाला घेऊन झोपणारा.

"उतरलो असतो, सर," तो म्हणाला. "पण माझा मी उतरलो असतो."

"मग झालं तर!" सर म्हणाले आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात हातात घ्यायला वळले.

हॉलमागच्या पटांगणात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. बिरदेव बाहेरच्या नळावर हात धूत बराच वेळ उभा राहिला. संपतआप्पा त्याच्यासाठी भरलेलं ताट घेऊन आले.

"रागावलास व्हय?"

बिरदेवनं नळ बंद केला.

"आप्पा, मॅच झाल्यावर तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. ग्राउंडला सगळी फेरी मारली. उजव्या पायाला कुणाला हात लावू देत नव्हता तुम्ही. लोकांच्या अंगावर ओरडत होता. मी घरी गेल्यावर आईला सांगितलं, माझ्या बापानं घेतलं नसतं असं घेतलं आप्पांनी."

आप्पांच्या हातातलं ताट कललं. जिलेबीचा पाक वरणात गेला.

"आमी दवाखान्याच्या दारातच हुतो रं," ते म्हणाले. "समदेच हुतो. सरांनी बाहेर येऊन सांगितलं आन् म्हनले, पोराला बोलू नका. आमी कशाला बोलतोय? आमाला कप पायजे हुता." त्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. "मग तू पडलास. मग कुठल्या तोंडानं सांगायचं? आन् पुढं पुढं... ती गोष्टच झाली बघ. सांगून सांगून तिच्यातलं वंगाळ गेलंच निघून."

बिरदेवनं ताट घेतलं नाही.

दारापाशी सरांची गाडी लागली होती. रिटायर झाल्यावर सरांनी शिरूरलाच बंगला बांधला होता. काच खाली करून त्यांनी हाक मारली.

"बिरू, शिरूरलाच ना? चल, बस. घरापर्यंत सोडतो तुला."

गाडीभोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांनी बिरदेवला वाट करून दिली. कुणीतरी मागचं दार उघडूनसुद्धा धरलं.

"नको सर," बिरदेव म्हणाला. "मी येष्टीनं जाईन."

"अरे, एवढ्या उन्हात स्टँडपर्यंत चालत जाणार? ह्या पायानं?"

"व्हय."

दार धरणाऱ्यानं दार लावून घेतलं. सरांनी काच वर केली, गाडी गेली. बिरदेव फाटकाकडं चालू लागला. मागून बोलणं येत होतं. ते त्याला ऐकू जाऊ नये याची फारशी काळजी कुणी घेत नव्हतं.

"सरांनी भर सभेत नाव घेतलं, तर ही मिजास."

"मेंढरांमागून उचलून आणला, त्याचं हे."

"मान राखायला नको का मोठ्या माणसाचा?"

बबनरावांचा आवाज त्यात नव्हता. पण ते कुठं उभे आहेत हे पाहायला बिरदेव वळला नाही.

तो रेल्वे कॉलनीच्या कडेनं निघाला. ग्राउंडवर दुपारचं कुणी नव्हतं. गवत वाळलेलं, एका बाजूच्या गोलपोस्टचा आडवा बार गेलेला. तो थांबला नाही. थोड्या वेळानं मागून सायकलचा आवाज आला. संपतआप्पा होते. ते उतरले आणि सायकल हातात धरून त्याच्या बरोबरीनं चालू लागले. कॅरिअरवर बस, असं म्हणायला त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. बिरदेवच्या चालीनं चालायचं म्हणजे सायकलीला सारखा ब्रेक लावावा लागत होता. तो कुरकुर वाजत राहिला.

स्टँडवर शिरूरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा राहून बेल मारायच्या बेतात होता. आप्पांनी सायकल भिंतीला टेकवली आणि लगबगीनं पुढं झाले.

बिरदेवनं दाराचा दांडा धरला. डावा पाय पायरीवर ठेवला. त्याला वर घ्यायला आप्पांनी पाठीमागून कंबरेपाशी हात लावला.

बिरदेव तसाच थांबला. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मागं वळला नाही.

"चला मामा, वर चला," कंडक्टर म्हणाला.

तरी तो हलला नाही. शेवटी कंबरेवरचा हात निघाला. तो पुरता निघाल्याची खात्री झाली, तेव्हा त्यानं दुसरा पाय उचलला आणि तो वर चढला.