पुस्तक शूटिंगला गेलंय

“अख्ख्या बांगलादेशात पोरांच्या इतकी जवळ गेलेली दुसरी लायब्ररी दाखवा, मी नोकरी सोडतो!” विद्यापीठाचे उपग्रंथपाल मोताहार हुसेन समोशासारख्या सिंगाऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले. “आपल्या फेसबुक पेजवर कुणी काही विचारलं, की चहा निवायच्या आत उत्तर.”

“सर, मी तीन आठवड्यांपूर्वी एक पुस्तक मागितलंय,” दारात उभी असलेली रुमाना म्हणाली. “उत्तर आलंय. लाल बदाम.”

केबिनमधले दोन्ही कारकून एकदम आपापल्या सिंगाऱ्याकडे बघायला लागले.

“मग आलं ना उत्तर?” सर म्हणाले.

रुमानाच्या डोक्यात तिडीक गेली. ती लोकसाहित्यात एम.ए. करत होती आणि तिचा प्रबंध होता पद्मा नदीवरच्या होड्यांच्या नावांवर. फार वर्षांपूर्वी एका शाळामास्तरानं घाटाघाटावर फिरून ती नावं आणि त्यांचे अर्थ गोळा केले होते. त्या पुस्तकाची एकच प्रत उरली होती, ती याच लायब्ररीत. तिच्या मार्गदर्शक दिलारा मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “रविवारी आठवडा सुरू झाला की पुस्तक माझ्या टेबलावर ठेव, पान उघडून दाखव. नाहीतर सही नाही.” आणि सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

पुस्तक कपाटात नव्हतं. काउंटरवरचे कुद्दूस मामा म्हणाले होते, “ते होय? ते शूटिंगला गेलंय.”

“पुस्तक? शूटिंगला?”

“जुनं आहे ना. फोटोत गोड दिसतं.”

खरंच दिसायचं. पेजवर रोज दिसायचं. कधी गुलमोहराखाली, कधी वाफाळत्या चहाच्या पेल्याखाली, चक्क पेल्याखाली, बशीसारखं! एकदा तर मोताहार सर स्वतः ते छातीशी धरून सूर्यास्ताकडे बघत होते. खाली ओळ: ‘वाचा, हरवून जा.’ हरवलं होतं ते पुस्तक, आणि कुठे हरवलंय ते हजारो लोकांना माहीत होतं.

“सर, मला ते पुस्तक हवंय. फोटो नको.”

“अगं पोरी, हॉलमध्ये जाऊन बघ. पहाटेपासून बाहेर बॅगांची रांग लावतात, जागा धरतात आणि आत बसून काय वाचतात? सरकारी नोकरीची आपापली गाइडं! माझ्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही. म्हणून हे पेज.”

“मी लावतेय ना हात!”

“एकटी तू. त्याला प्रतिसाद म्हणत नाहीत.”

पण सर दिलदार होते. त्यांनी त्याच संध्याकाळी स्पर्धा जाहीर केली. त्या पुस्तकाबरोबर फोटो काढायचा, पेजवर टाकायचा, ज्याला जास्त पसंती त्याला पुस्तक आठवडाभर घरी. दुसऱ्या दिवशी बॅगांच्या दोन रांगा लागल्या, एक अभ्यासाची, एक फोटोची. रुमाना दातओठ खात दुसऱ्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं पुस्तक हातात घेतलं आणि उघडायला गेली, तर कुद्दूस मामांनी झडप घातली.

“उघडायचं नाही, माय! फक्त कव्हर. सरांची ऑर्डर आहे.”

“मामा, पुस्तक उघडण्यासाठीच असतं!”

“ते वाचणाऱ्यांचं. ही स्पर्धा आहे. हस बघू.”

ती हसली नाही. फोटोत ती अशी दिसत होती, जणू पुढच्याच क्षणाला पुस्तक कुणाच्या तरी टाळक्यात हाणणार आहे. खाली तिनं लिहिलं: ‘मला हे पुस्तक वाचायचंय. ही लायब्ररी ते देत नाही. लाज वाटू द्या.’

आता आपल्याकडे स्पर्धा कसलीही असो, लढतात जिल्हे. फोटोच्या स्पर्धेत पुढे होता कुमिल्ल्याचा तौहिद. विद्यापीठातल्या कुमिल्ल्याच्या पोरांच्या जिल्हा समितीच्या अध्यक्षानं फतवा काढला, की कुमिल्ल्याचा मान पणाला लागलाय. झालं! हॉस्टेलं, चुलते, मेव्हणे, मलेशियातले मामेभाऊ, सगळ्यांनी बदाम दाबले. रुमाना मेहेरपूरची. मेहेरपूर समितीत मोजून नऊ जण, त्यातल्या एकाचा फोन दुरुस्तीला.

पण तिची ओळ वाचून पोरं भडकली. ज्यांना कधी पुस्तक मिळालं नव्हतं, ज्यांचं ग्रंथालयाचं कार्डसुद्धा ‘पेजवर विचारा’मध्ये अडकलं होतं, त्या सगळ्यांनी तिच्या फोटोवर रागाचं लाल तोंड दाबलं. एका रात्रीत तिनं कुमिल्ल्याला मागे टाकलं. मलेशियासकट!

निकालाच्या दिवशी मोताहार सरांनी माईक हातात घेतला.

“रागाचं तोंड म्हणजे चुकीचं उत्तर,” ते म्हणाले. “भरती परीक्षेत काय होतं? निगेटिव्ह मार्किंग. तोच नियम इथे.”

“हा नियम कधी केला?” रुमाना ओरडली.

“निकाल लावताना.”

रुमानाचे गुण शून्याच्या खाली गेले. विभागात कायम पहिली येणारी ही मुलगी लायब्ररीच्या इतिहासात शून्याखाली जाणारी पहिली वाचक ठरली. तौहिदला रंगीत कागदात बांधलेलं पुस्तक मिळालं. त्यानं फीत कापली, कुमिल्ल्याचा जयजयकार झाला, सरांनी थेट प्रक्षेपण केलं.

ती तणतणत चहाच्या टपरीशी येऊन बसली, तर तौहिद मागून धावत आला.

“आपा, हे घ्या.” त्यानं पुस्तक पुढे केलं. “मला होड्यांतलं काही कळत नाही. मला तर पोहताही येत नाही.”

“मग भाग कशाला घेतलास, गाढवा?”

“अध्यक्ष म्हणाले. त्यांना नाही म्हटलं तर हॉस्टेलमधली खाट जाते, आपा.”

तिला त्याची मानगूट धरावी की डोक्यावरून हात फिरवावा, कळेना. तिनं चहा पाजला आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मॅडमसमोरच उघडायचं म्हणून कागदही न सोडता पुस्तक थेट दिलारा मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी रंगीत कागद काढला आणि पुस्तक उघडायला गेल्या. उघडेना. पानं विटेसारखी घट्ट.

रुमानानं तिथूनच कुद्दूस मामांना फोन लावला.

“हां, ते चिकटवलंय,” मामा म्हणाले. “पद्मेच्या काठी शूटिंग होतं ना, वाऱ्यानं पानं फडफडत होती. सर म्हणाले, डिंक लाव. चांगला डिंक आहे, माय, सुटणार नाही.”

मॅडमनी कागद कापायची सुरी घेतली आणि हव्या त्या पानाच्या कडेला हळूच घातली. पान उभं फाटलं. होड्यांच्या नावांचा रकाना मॅडमच्या हातात आला. अर्थांचा रकाना मागच्या पानाला चिकटून राहिला. सही झाली नाही.