पोत्यातली ताटं

सून पोत्यात भांडी साठवायला लागली, की सासूने काय समजायचं? पोखर्णीच्या बायनाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. ही अपेक्षा आता नवऱ्याला घेऊन वेगळं निघणार. थोरल्या पोराच्या वेळी असंच झालं होतं. आधी भांडी जमली, मग चूल वेगळी झाली, मग पोरगा सणावारालाच दिसायला लागला. आता एकटा धाकटा गोपाळ उरला होता. तोही गेला तर या घरात कुणाशी बोलायचं, याच धास्तीनं त्यांना घास गोड लागेना.

त्यांनी पाळत ठेवली. अपेक्षा गल्लीत मोकळ्या हातानं जायची अन् येताना बगलेत दोन-चार ताटं असायची.

"तीन माणसांना किती ताटं लागतात गं?"

"घरच्यासाठी न्हाईत आत्या, गल्लीच्या पंगतीला हायेत. प्लास्टिकच्या पत्रावळ्यांनी नाली तुंबायलीय."

बहाणा बरा शोधला, बायनाबाई मनात म्हणाल्या. गोपाळला विचारलं तर तो नुसता हसला. म्हणजे तोही सामील.

एका दुपारी दोघं रानात गेल्यावर त्यांनी पोतं सोडलं. चाळीसेक ताटं निघाली, लखलखीत घासलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. बायनाबाईंना वाचता येत नव्हतं, पण भांड्यावर नाव कशाला घालतात हे कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांवर स्वतःचं नाव घालून मोकळी झाली की ही! त्यांचं डोकंच फिरलं. जुनी भांडी मोडीत घेणारा भांडेवाला गल्लीत ओरडतच होता. पोतं त्याच्या गाडीत गेलं, बदल्यात एक मोठं पातेलं घरात आलं. आता कशी चूल मांडते बघू, म्हणून त्या निवांत झोपल्या.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मालनबाई दारात आल्या. नातवाचं जावळ होतं.

"अपेक्षा, ताटं काढ बाई. माझ्या आईचं नाव असलेलं हाय त्यात, ते तेवढं मला वाढ. समद्यांनी रुखवतातली दिली, माझ्याकडं तिचं तेवढंच होतं."

अपेक्षा आत गेली आणि तशीच बाहेर आली. तिने नव्या पातेल्याकडे पाहिलं, मग सासूकडे. मालनबाईंच्या तोंडाकडे बघायची बायनाबाईंची हिंमत होईना.

"मला वाटलं, तू वेगळं निघायलीस," त्या कशाबशा बोलल्या.

अपेक्षा भांडली नाही.

"न्हवतं निघायचं आत्या," ती म्हणाली. "आता निघावं वाटायलंय."